राग आवरायची ताकद: नबींनी सांगितलेली पैलवानकी रोजच्या जगण्यात कशी आणायची

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या गॅरेजमधल्या पोरावर पाना उगारला होता. मारला नाही, पण उगारला. बडोद्यात प्रतापनगरच्या बाजूला माझं टू-व्हीलर रिपेअरिंगचं छोटं गॅरेज आहे, पोरगा एकोणीस वर्षांचा, कामाला नवीन, त्याने एका गाडीचं ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट असा आवळला की चेंबरचे आटेच गेले, मे महिन्यातली चार वाजताची वेळ, कस्टमर समोर उभा, आणि माझं डोकं फिरलं. पोरगा दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसला. ते त्याचं खाली बसणं अजून डोळ्यासमोरून जात नाही.

त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता मी एका ऑफिसात कागदांसाठी गेलो होतो, तिथल्या साहेबाने मला चारचौघांत नको नको ते ऐकवलं, चूक त्यांच्या लोकांची होती, तरी मी हसत "हो सर, बरोबर आहे सर" करत उभा होतो. एक शब्द उलटा गेला नाही माझ्या तोंडून. रात्री ईशाची नमाज पढून घरी आलो आणि हा हिशोब डोक्यात बसला तो बसलाच, की अकरा वाजता माझ्याकडे एवढा कंट्रोल होता तर चार वाजता तो गेला कुठे. गेला कुठेच नव्हता. समोरचा पोरगा कमजोर होता म्हणून मी तो वापरलाच नाही.

तेव्हापासून मी हे शिकतोय. मी आलिम नाही, मदरशात शिकलेलो नाही, मसल्याची, म्हणजे धर्माच्या नियमाची, गोष्ट असेल तर आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांनाच विचारा. पण राग आल्यावर नेमकं काय करायचं हे आपल्या दीनमध्ये एवढं प्रॅक्टिकल सांगितलंय, अगदी उभं राहायचं की बसायचं इथपर्यंत, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना (मलाही नव्हतं) ते माहीतच नसतं, म्हणून लिहितोय.

पैलवान कोणाला म्हणायचं

बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या (नबींच्या वचनांच्या) दोन किताबांत हजरत अबू हुरैरा (र.) यांनी सांगितलेली हदीस आहे, की ताकदवान तो नाही जो कुस्तीत लोकांना पाडतो, ताकदवान तो जो रागाच्या वेळी स्वतःला ताब्यात ठेवतो. अरबीत तिथे "सुरआ" हा शब्द आहे, म्हणजे जो भेटेल त्याला चितपट करणारा, आपल्याकडचा नामांकित मल्ल म्हणा ना. सहीह मुस्लिममधल्या दुसऱ्या एका हदीसमध्ये तर नबी (स.) सहाबांना (आपल्या साथीदारांना) आधी प्रश्नच विचारतात, तुम्ही तुमच्यात पैलवान कोणाला समजता? ते म्हणतात, ज्याला कोणी पाडू शकत नाही त्याला. नबी म्हणतात, तो नव्हे, रागात स्वतःवर काबू ठेवणारा.

आता कोणी म्हणेल की हे ज्याच्या अंगात दम नाही त्याच्या सोयीचं बोलणं आहे. तसं नाहीये. अबू दाऊद या हदीसच्याच किताबात रुकाना नावाच्या पैलवानाची रिवायत (सांगत आलेली हकीकत) आहे, तो नबींशी कुस्ती खेळला आणि नबींनी त्याला पाडलं. आणि सहीह मुस्लिममध्येच आहे की ताकदवान मोमिन (ईमानवाला) अल्लाहला कमजोर मोमिनपेक्षा जास्त प्रिय आहे, भलाई मात्र दोघांतही आहे. म्हणजे अंगातल्या ताकदीला इस्लाममध्ये कोणी कमी लेखलेलं नाही, फक्त तिच्या वर अजून एक ताकद ठेवलीये जी पहिलीला लगाम घालते.

बडोदेकरांना हे वेगळं समजवायला नको खरं तर. आपलं शहर आखाड्यांचं, दांडिया बाजारच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे, जुम्मादादा उस्ताद मुसलमान आणि त्यांच्या नावाने ती संस्था मोठी केली ती त्यांचे शागीर्द प्रोफेसर माणिकराव यांनी, ही गोष्ट मला माझ्या अब्बांनी हात धरून तिथे नेऊन सांगितली होती. सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गामा पैलवानाने उचललेला म्हणून जो मोठा दगड ठेवलाय, 1902 साली उचलला म्हणतात, तो आमच्या घरी पाहुणे आले की दाखवायला न्यायचाच हा नियम. लहानपणी आम्ही त्या दगडाला हात लावून बघायचो. तर गामाने तो दगड उचलला म्हणून आपण आज त्याचं नाव घेतो, पण उचलायच्या आधी किती वर्षं रोज पहाटे जोर-बैठका मारल्या असतील ते विचारतो का कोणी? रागाचंही असंच आहे. ऐन वेळेला ताकद आणायची कुठून, ती आधी कमवून ठेवलेली असावी लागते. म्हणून मी आधी रोजचं सांगतो, ऐन वेळेचं नंतर.

आठवडाभर वही ठेवा

हे कुठल्या किताबात नाही, माझं स्वतःचं आहे, पण याने माझे डोळे उघडले. एक छोटी वही घ्या, नाहीतर मोबाईलमध्येच लिहा, आणि सात दिवस प्रत्येक वेळी राग आला की तीनच गोष्टी लिहा, कोणावर आला, किती वाजता आला, आणि तेव्हा पोटात काय होतं, झोप झाली होती का. बस. कोणाची चूक होती ते लिहायचं नाही, कारण ते लिहायला लागलात की वही तुमची वकिली करायला लागते.

माझ्या वहीत सात दिवसांत अकरा नोंदी झाल्या. सात पोरावर आणि बायकोवर, तीन मुलावर, एक रिक्षावाल्यावर. दुकानाच्या मालकाने त्याच आठवड्यात भाडं वाढवायची गोष्ट काढली होती, त्याच्यावर एकही नाही. आणि वेळ बघितली तर बहुतेक दुपारी चारच्या आसपास, म्हणजे जेवण उशिरा झालेलं, चहावर चहा झालेला. आपल्या फुकहांनी, म्हणजे शरीयतच्या जाणकारांनी, ही गोष्ट केव्हाच ओळखलेली आहे. नबींचा हुकूम आहे की काजीने रागात असताना दोघांमध्ये निवाडा करू नये, आणि त्यावरून फुकहांनी पुढे सांगितलं की सपाटून भूक लागली असेल, तहान लागली असेल, झोप अनावर झाली असेल, लघवीची घाई असेल तरी काजीने निवाडा करायला बसू नये. मी तेव्हापासून दीड वाजता शटर अर्धं खाली करून जेवून घेतो. कस्टमर थांबतात, काही बिघडत नाही.

आणि कोणावर राग येतो हे लिहिलंत ना की मग ही हदीस वाचा. हजरत अबू मसऊद अन्सारी (र.) आपल्या गुलामाला चाबकाने मारत होते. मागून आवाज आला, "जाण, अबू मसऊद!" रागात त्यांना आवाजही ओळखू आला नाही. जवळ आल्यावर बघतात तर नबी (स.). नबी म्हणाले, जेवढी ताकद तुझी या पोरावर चालते त्यापेक्षा जास्त ताकद अल्लाहची तुझ्यावर चालते. अबू मसऊदच्या हातातला चाबूक गळून पडला आणि त्यांनी तिथल्या तिथे त्या गुलामाला आझाद केलं. ही सहीह मुस्लिममध्ये आहे. मी ही पहिल्यांदा वाचली तेव्हा मला चाबूक दिसलाच नाही, मला माझा बारा-तेराचा रिंग पानाच दिसला.

त्यामुळे माझं मत असं झालंय की ज्याला आपला राग किती ताब्यात आहे ते बघायचं असेल त्याने साहेबासमोर, पोलिसासमोर, सासऱ्यासमोर बघू नये, तिथे सगळेच शहाणे असतात. घरात बघा. जो उलटून बोलू शकत नाही त्याच्यासमोर बघा.

ऐन वेळेला काय करायचं

पहिलं म्हणजे जीभ दुसऱ्या कामाला लावायची. दोन माणसं नबींच्या समोर एकमेकांना शिव्या देत होती, एकाचा चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, तेव्हा नबी म्हणाले की मला एक वाक्य माहीत आहे, ते याने म्हटलं तर याचा राग निघून जाईल, अऊजु बिल्लाहि मिनश्शैतान, म्हणजे शैतानापासून मी अल्लाहचा आसरा मागतो. बुखारीत आहे. गंमत म्हणजे लोकांनी त्या माणसाला सांगितलं तर तो उलट म्हणतो, मी काय वेडा आहे का? रागात माणसाला चांगला सल्लासुद्धा अपमान वाटतो हे चौदाशे वर्षांपूर्वीही असंच होतं. म्हणून हे वाक्य दुसऱ्याने आठवण करून द्यायची वाट बघू नका, स्वतःच्या तोंडात आधी बसवून ठेवा. मी हे बसवलं ते शांत असताना, ट्रॅफिकमध्ये, न्याय मंदिरच्या सिग्नलला कोणी कट मारला की म्हणायचं, गाडी किक मारून सुरू झाली नाही की म्हणायचं, बारीकसारीक वैतागावर म्हणत गेलो तर मोठ्या वेळेला आपोआप आलं.

दुसरं, गप्प बसणं. "तुमच्यापैकी कोणाला राग आला तर त्याने गप्प राहावं" अशीही रिवायत आहे. आजच्या जमान्यात गप्प बसण्यात मोबाईल पण येतो हे मी मुद्दाम सांगतो, तोंड बंद आणि अंगठा चालू याला गप्प बसणं म्हणत नाहीत. रागात व्हॉइस नोट पाठवली ना, की ती फॅमिली ग्रुपवर कायमची राहते, चार खाला-मामू ऐकतात, आणि तुम्ही नंतर डिलीट केलीत तरी "काय डिलीट केलं" म्हणून नवीन भांडण. मी फोन काउंटरच्या ड्रॉवरमध्ये टाकतो आणि किल्ली पोराकडे देतो.

तिसरं मला सगळ्यात जास्त कामाला आलं, ते म्हणजे अंगाची ठेवण बदलणं. अबू दाऊदमध्ये हजरत अबू जर (र.) यांची हदीस आहे, राग आला आणि उभे असाल तर बसा, त्याने गेला तर ठीक, नाहीतर आडवे व्हा. आणि हे त्यांनी स्वतः करूनही दाखवलं, मुसनद अहमदमध्ये तो किस्सा आहे. ते आपल्या हौदावर पाणी पाजत होते, काही लोक आले, त्यांच्यातल्या एकाच्या हातून तो हौद मोडला. आता वाळवंटात पाण्याचा हौद मोडणं म्हणजे काय हे कच्छकडच्या माणसाला विचारा. अबू जर उभे होते ते बसले, आणि मग आडवे झाले. लोकांनी विचारलं, हे काय? तेव्हा त्यांनी नबींची ही हदीस सांगितली.

याचं कारण मला आखाड्यातलं वाटतं. उभा माणूस डावाच्या पवित्र्यात असतो, पाय रोवलेले, हात मोकळे, समोरचा टप्प्यात. बसलात की हात टप्प्यातून बाहेर गेला. आडवे झालात की मारायचं म्हटलं तरी आधी उठावं लागेल, आणि उठेपर्यंत अर्धा राग उतरलेला असतो. मी गॅरेजमध्ये ऑइलचा जुना डबा उलटा घालून ठेवलाय, खास यासाठी. डोकं तापलं की त्यावर बसायचं. कस्टमरला वाटतं मी दमलो, वाटू दे.

मग पाणी. राग शैतानाकडून, शैतान आगीपासून, आग पाण्याने विझते, म्हणून राग आला की वजू करावं (नमाजआधी हात-तोंड-पाय धुतो तसं), अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) काही उलेमा कमजोर मानतात हेही सांगायला पाहिजे. पण वजू तसंही चांगलंच काम, आणि हातापायाला थंड पाणी लागलं की फरक पडतो हा तर रोजचा अनुभव आहे. बडोद्याच्या मे महिन्यात टाकीचं पाणीच उकळतं येतं, मग माठातलं घ्यायचं.

आणि एक, घरात एक माणूस नेमा. हजरत उमर (र.) यांच्यापुढे उयैना नावाचा एक सरदार आला आणि तोंडावर म्हणाला की तुम्ही आम्हाला पुरेसं देत नाही आणि न्यायही करत नाही. उमर एवढे तापले की हात उचलणार, तेवढ्यात त्या सरदाराच्या पुतण्याने, हुर्र बिन कैस यांनी, कुरआनची आयत वाचली, सूरह आराफची 199 वी, की माफ करत जा, भल्याचं सांगत जा, आणि अडाण्यांच्या नादी लागू नकोस. रिवायत सांगणारे म्हणतात, आयत ऐकल्यावर उमर एक पाऊल पुढे गेले नाहीत. एवढ्या मोठ्या खलीफाला थांबवायला एक तरुण आणि एक आयत पुरली, कारण उमरनी त्यांना थांबवायचा हक्क दिलेला होता. मी माझ्या मोठ्या मुलीला सांगून ठेवलंय, माझा आवाज चढला की तू फक्त "अब्बा, पाणी" म्हणायचं. तिला कधी त्यावरून ओरडायचं नाही हे माझ्याकडून वचन. एकदा ओरडलो होतो, दोन महिने ती काही बोललीच नाही, परत विश्वास बसवायला वेळ लागला.

गिळला, मग पुढे काय

आता हे जरा नीट वाचा, कारण इथे बरेच जण चुकतात, मी पण चुकलो. राग गिळला म्हणजे काम झालं असं नाही, पोटात ठेवलेला राग महिन्याने दुसऱ्या रस्त्याने बाहेर येतो, टोमण्यात, अबोल्यात, ताटातली भाजी बाजूला सारण्यात. सूरह आल-ए-इम्रानच्या 134 व्या आयतीत अल्लाह जन्नतवाल्यांबद्दल सांगतो ते तीन पायऱ्यांत आहे, राग गिळणारे, लोकांना माफ करणारे, आणि अल्लाहला एहसान (भलाई) करणारे आवडतात. गिळण्यासाठी तिथे "कज्म" धातूचा शब्द आहे. अरबीत पखाल तोंडापर्यंत भरली की तिचं तोंड आवळून बांधतात त्याला तो शब्द वापरतात. म्हणजे आत काही नाही असं नाटक करायचं नाहीये. पखाल भरलेली आहे, अल्लाहलाही माहीत आहे की भरलेली आहे, फक्त सांडू द्यायची नाही. पण बांधलेली पखाल आयुष्यभर खांद्यावर वागवायची नसते, ती पुढे कुठेतरी नीट रिकामी करावी लागते, आणि ती जागा म्हणजे माफी.

नबींचे नातू हजरत हुसैन (र.) यांचे मुलगे अली, ज्यांना आपण जैनुल आबिदीन म्हणतो, त्यांची एक गोष्ट सांगतात. दासी त्यांच्या वजूसाठी पाणी ओतत होती, हातातून भांडं निसटून त्यांच्या चेहऱ्याला लागलं. त्यांनी वर बघितलं. ती म्हणाली, अल्लाह म्हणतो राग गिळणारे. ते म्हणाले, गिळला. ती म्हणाली, आणि लोकांना माफ करणारे. म्हणाले, माफ केलं. ती म्हणाली, आणि अल्लाहला एहसान करणारे आवडतात. म्हणाले, जा, तू आझाद आहेस. मला या गोष्टीत त्या दासीचं पण फार कौतुक वाटतं, तिला आयत कुठे थांबवून वाचायची ते बरोबर माहीत होतं.

तर प्रॅक्टिकल काय, की गिळल्यावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बसून बोला. आवाज खाली. जे झालं तेवढंच बोला, "तू नेहमी असंच करतोस" हे वाक्य नको. मी पोराला दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी माफी मागितली, तो उलट लाजला, "नाही उस्ताद, चूक माझी" म्हणायला लागला, म्हटलं आट्याची चूक तुझी, पान्याची माझी. मग दोघांनी मिळून तो चेंबर उतरवला, आटे परत पाडून घेतले, खर्च मी माझ्या खिशातून केला, आणि बोल्ट हाताने किती फिरवायचा आणि पाना कधी लावायचा हे मी त्याला तेव्हा पहिल्यांदा नीट शिकवलं. आधी कधी शिकवलंच नव्हतं, हे पण तेव्हाच लक्षात आलं. एहसान म्हणजे मोठं दानधर्मच असतं असं नाही.

रागात निर्णय घ्यायचा नाही, ते वर काजीच्या गोष्टीत आलंच. नोकरीवरून काढणं, हिस्सा मागणं, मुलीचं लग्न मोडणं, आणि तलाक, हे तर रागात अजिबातच नाही. एका दमात तीनदा तलाक म्हणून घर मोडलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, नंतर डोकं धरून बसतात. आता 2019 पासून तो कायद्याने गुन्हाही आहे, पण कायदा नसता तरी कुरआनने सांगितलेला रस्ता थांबत थांबत जायचाच आहे, इद्दतचा, म्हणजे तलाकनंतर थांबायचा, अवधी मधे ठेवलाय तो उगाच नाही.

सहन करणं वेगळं

हे लिहिल्याशिवाय हा लेख मी कोणाला वाचायला देणार नाही. नवरा मारतो आणि घरचे बाईला म्हणतात सब्र कर, राग गिळ, सवाब (पुण्य) मिळेल. हा दीनचा चुकीचा वापर आहे. वरच्या सगळ्या हदीस ज्याचा हात चालतो त्याच्यासाठी आहेत, ज्याच्यावर चालतो त्याला गप्प करायला नाहीत. बुखारीत आहे, आपल्या भावाला मदत करा, तो जालिम (जुलूम करणारा) असो की मजलूम (जुलूम सोसणारा). सहाबांनी विचारलं, मजलूमला समजलं, जालिमला कशी? नबी म्हणाले, त्याचा हात धरा. तर हात धरा. गुजरातमध्ये बायकांसाठी 181 नंबरची अभयम हेल्पलाइन आहे, नंबर घरातल्या प्रत्येक मुलीला पाठ करून द्या.

नबींच्या पत्नी हजरत आयशा (र.) सांगतात की नबींनी स्वतःसाठी कधी बदला घेतला नाही, पण अल्लाहने ठरवलेली हद्द कोणी मोडली तर ते अल्लाहसाठी पाऊल उचलायचे. स्वतःवर आलेलं किती सोडलं ते बघा. एका बेदुइनाने त्यांची जाड काठाची चादर मागून एवढ्या जोरात ओढली की मानेवर वळ उठला, आणि म्हणतो, अल्लाहचा माल तुझ्याकडे आहे त्यातलं मला द्यायला सांग. नबी वळले, हसले, आणि त्याला द्यायला सांगितलं. ताइफमध्ये तर दगड खाऊन आले तरी तिथल्या लोकांच्या पुढच्या पिढ्यांसाठी भल्याची आशा धरली. आणि हिजरी 8 मध्ये, म्हणजे इ.स. 630 ला, दहा हजारांची फौज घेऊन मक्क्यात आले, ज्यांनी वीस वर्षं छळलं, घरातून काढलं, चुलत्याला मारलं ती माणसं समोर मान खाली घालून उभी, आणि थोडे अपवाद सोडले तर सगळ्यांना माफी. बदला घ्यायची पूर्ण ताकद हातात असताना. मी ऑफिसात साहेबासमोर गप्प बसलो होतो ती माफी नव्हती, माझं तिथे काही चालत नव्हतं एवढंच. ज्याच्याकडे राग काढायची ताकद आहे आणि तरी तो गिळतो त्याच्यासाठी कयामतच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलावून इनाम द्यायची हदीस आहे, त्यात ती ताकद असण्याची अट आहे हे विसरू नका.

रोजचा रियाज

रमजान हा यासाठी सगळ्यात मोठा आखाडा आहे. रोज्यात कोणी शिवी दिली, भांडायला आलं तर म्हणायचं "मी रोजेदार आहे". एक महिना हे वाक्य तोंडात राहतं. मी रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याचे सहा रोजे आणि मग जमेल तेव्हा सोमवार-गुरुवार चालू ठेवले, वजनासाठी नाही, याच्यासाठी.

अजानला "हय्या अलस्सलाह" (नमाजकडे या) ऐकलं की आपण "ला हौल व ला कुव्वत इल्ला बिल्लाह" म्हणतो, म्हणजे हलायची शक्ती आणि करायची ताकद सगळी अल्लाहकडून. दिवसातून पाच वेळा माणूस कबूल करतो की ताकद माझी नाही. मी आधी हे भराभर म्हणून टाकायचो. आता मांडवीच्या जामा मशिदीत जुम्म्याला असलो की हळू म्हणतो. आणि नबींची एक दुआ आहे तिचा एवढा भाग पाठ केलाय, की या अल्लाह, मला रागात आणि खुशीत दोन्ही वेळा खरं बोलायची तौफीक (कुवत) दे. रागातच का, खुशीतही माणूस खोटी वचनं देऊन बसतो.

जमलं का मला? वहीत अकराच्या जागी आता आठवड्याला दोन-तीन नोंदी असतात. पण सगळ्यात अवघड नोंद अजून कोरीच आहे, ती सांगून थांबतो. माझ्या धाकट्या भावाला मी दुकान टाकायला पैसे दिले होते, अजूनही दर महिन्याला थोडे देतो, आणि गेल्या आठवड्यात कळलं की तो नातेवाईकांत माझ्याबद्दल वाईट बोलतोय. बुधवारी मी फोनवर म्हणालो, आजपासून एक रुपया मिळणार नाही, आणि कट केला. मग हजरत अबू बकर (र.) आठवले. मिस्तह नावाचा त्यांचा गरीब नातेवाईक, त्याला ते खर्चाला द्यायचे, आणि त्यानेच त्यांच्या मुलीवर, हजरत आयशांवर घेतलेल्या खोट्या आळात तोंड घातलं. बापाचं काळीज ते. अबू बकरनी कसम घेतली की याला यापुढे काही देणार नाही. तेव्हा सूरह नूरची 22 वी आयत उतरली, की ऐपतवाल्यांनी नातेवाइकांना न द्यायची कसम घेऊ नये, माफ करावं, अल्लाहने तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बकर म्हणाले, वाटतं, का नाही वाटणार, आणि पैसे परत चालू केले.

मुसलमानाला आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला जायज नाही, आणि दोघांत चांगला तो जो आधी सलाम करतो, हेही बुखारीतच आहे. आज शुक्रवार. मगरिबच्या (संध्याकाळच्या) नमाजनंतर मी फोन करणार आहे, त्याने उचलला नाही तर घरी जाईन.